इन्सुलिनवरील मांजराची रक्तशर्करा वर-खाली होते तेव्हा

मधुमेही मांजराला इन्सुलिन सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पालकांना सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती आकड्यांची अस्थिरता. डोस तोच, वेळ तीच, खाणेही तेच, तरी काल सकाळी २१० असलेली रक्तशर्करा आज ३८० दिसते, आणि वाढलेला आकडा पाहून डोसही थोडा वाढवावा असा मोह साहजिकच होतो. हा मोह आवरणे हेच घरच्या देखभालीतले सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे काम आहे. मांजर खातपीत असेल आणि एरवी ठीक असेल, तर एखादा दिवस साखर चढी राहिल्याने ते लगेच संकटात सापडत नाही. ती प्रमाणाबाहेर उतरली तर मात्र काही तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून चढलेल्या आकड्याबाबत सबुरी आणि उतरलेल्या आकड्याबाबत तातडी, हा नियम कधीही उलटा होऊ देऊ नये. डोसमधला प्रत्येक बदल पशुवैद्यांशी बोलूनच करायचा असतो, पण तो निर्णय योग्य व्हावा यासाठी लागणारी माहिती घरीच गोळा होते, आणि ती गोळा करणाऱ्याला आकड्यांचा अर्थ लावता येणे फार गरजेचे आहे.

आकडे मुळात का हलतात

निरोगी मांजराची रक्तशर्करा दर डेसिलिटरला साधारण ७० ते १५० मिलिग्रॅम या पट्ट्यात राहते. साखर मोजणारे काही मीटर हाच आकडा मिलिमोलमध्ये दाखवतात. त्याला १८ ने गुणले की मिलिग्रॅमचा आकडा मिळतो. मधुमेही मांजराला या पट्ट्यात चोवीस तास ठेवणे हे सुरुवातीचे ध्येय नसते. मांजराची मूत्रपिंडे रक्तातली साखर साधारण २५० ते २९० या पातळीपर्यंत अडवून धरतात. त्यापलीकडे ती लघवीत उतरते, स्वतःबरोबर पाणी ओढून नेते, आणि म्हणून मांजर सतत पाणी पिते, वाळूच्या ट्रेमध्ये मोठमोठे गोळे होतात आणि भरपूर खाऊनही वजन घटत जाते. दिवसाचा बहुतेक वेळ साखर या पातळीच्या खाली राहावी आणि ती कधीही धोकादायकरीत्या उतरू नये, एवढे साधले तरी मांजराचे दिवस चांगले जातात.

बहुतेक मांजरांचा मधुमेह माणसांच्या टाइप टू मधुमेहाच्या जवळचा असतो. स्वादुपिंडातून थोडेफार इन्सुलिन अजून स्रवत असते, पण ते रोज सारखे नसते. साखर बराच काळ चढी राहिली की तिच्याच दुष्परिणामाने इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मंदावतात, आणि ती आटोक्यात आली की त्यांतल्या काही पुन्हा कामाला लागतात. त्यामुळे या महिन्यात अपुरा पडणारा डोस पुढच्या महिन्यात जास्त होऊ शकतो. त्वचेखाली टोचलेले इन्सुलिनही रोज त्याच वेगाने शोषले जात नाही. यात भर पडते ती भीतीची. घाबरलेल्या मांजराची साखर झपाट्याने चढते, इतकी की मधुमेह नसलेल्या मांजराचाही आकडा दवाखान्यात ३०० च्या पुढे जाऊ शकतो. प्रवास, पिंजरा आणि अनोळखी हात यांतून गेलेल्या मांजराच्या एकाच आकड्यावर डोस ठरवणे मला अत्यंत जोखमीचे वाटते.

घरी मोजण्याची सवय

घरी मोजलेला आकडा दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा बहुधा खरा असतो, म्हणून ही सवय जितक्या लवकर लागेल तितके चांगले. रक्त घेण्याची सोयीची जागा म्हणजे कानाची बाहेरची कड. उजेडाकडे कान धरला की कडेलगत एक बारीक शीर दिसते. सुई नेमकी तिच्यात न घालता, शीर आणि कानाची कड यांच्यामधल्या अरुंद पट्टीत टोचायची. कान गार असेल तर थेंब येत नाही, म्हणून कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला कपडा आधी अर्धा-एक मिनिट कानाला लावावा आणि मग कान पूर्ण कोरडा करावा, कारण पाणी मिसळलेल्या रक्ताचा आकडा चुकीचा येतो. कानाच्या मागे कापसाची घट्ट गुंडाळी धरली की लॅन्सेटला, म्हणजे टोचण्याच्या बारीक सुईला, आधार मिळतो आणि आपल्या बोटाला सुई लागत नाही. टोचण्याच्या जागी पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर लावल्यास रक्त केसांत न पसरता गोल थेंब धरते. थेंबाला मीटरच्या पट्टीचे टोक लागले की पट्टी स्वतःच रक्त ओढून घेते. त्यानंतर टोचलेली जागा कापसाने अर्धा मिनिट दाबून धरावी, नाहीतर तिथे काळेनिळे पडते आणि पुढच्या वेळी मांजर कानाला हात लावू देत नाही. प्रत्येक तपासणीनंतर, आकडा येवो न येवो, त्याच्या आवडीचा मांसाचा एक छोटा तुकडा द्यावा. दोन-तीन प्रयत्नांत थेंब आला नाही तर थांबावे. झटापट करून मिळवलेला आकडा भीतीमुळे तसाही फुगलेला असतो.

मीटरचाही विचार करावा लागतो. मांजराच्या रक्तात साखरेची तांबड्या पेशी आणि द्रव यांतली वाटणी माणसासारखी नसते, त्यामुळे माणसांसाठीचे ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात. प्राण्यांसाठी जुळवलेले मीटर अधिक अचूक असतात. माणसांचे मीटर वापरले तरी चालते, मात्र कायम तेच वापरावे, त्याचा प्रकार पशुवैद्यांना सांगावा, आणि दोन वेगळ्या मीटरांच्या आकड्यांची तुलना करू नये. अलीकडे त्वचेवर चिकटवायचे फ्रीस्टाइल लिब्रेसारखे सेन्सर मांजरांनाही लावतात. ते १४ दिवसांसाठी बनवलेले असले तरी मांजराच्या अंगावरून बरेचदा आधीच सुटतात. दिवसभराचा चढउतार समजण्यासाठी ते फार उपयोगी आहेत, पण हे सेन्सर रक्तातली नव्हे तर ऊतींमधल्या द्रवातली साखर मोजतात, म्हणून त्यांचा आकडा रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. सेन्सरने फार कमी आकडा दाखवला आणि मांजर ठीक दिसत असेल, तर कानातल्या रक्ताने खात्री करावी.

इन्सुलिनचीच तपासणी आधी

आकडे कारण नसताना बिघडले की मांजराच्या शरीराआधी आपल्या हातातली सिरिंज तपासावी. इन्सुलिन वेगवेगळ्या तीव्रतेत मिळते: प्रोझिंक आणि कॅनिन्सुलिन ही प्राण्यांसाठीची इन्सुलिने यू-४० असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, मांजरांना बरेचदा दिले जाणारे ग्लार्जिन, म्हणजे लॅन्टस, यू-१०० असते. प्रत्येकाची सिरिंज वेगळी. यू-१०० इन्सुलिन चुकून यू-४० सिरिंजने दिले तर अडीचपट डोस जातो, आणि उलट झाले तर निम्म्याहूनही कमी, म्हणजे फक्त ४० टक्के. पहिली चूक जीवघेणी ठरू शकते. नवे पाकीट आणल्यावर बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो की नाही, हे दरवेळी वाचून पाहावे, दुकानदाराने दिले म्हणून गृहीत धरू नये.

मांजराचा डोस अतिशय छोटा असतो. यू-१०० चे एक युनिट म्हणजे एका मिलिलिटरचा शंभरावा भाग. एवढ्याशा द्रवात हवेचा एक बुडबुडा शिरला तरी डोसचा मोठा हिस्सा गळतो. म्हणून अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली ०.३ मिलिलिटरची सिरिंज घ्यावी, ती डोळ्यांसमोर आडवी-उभी धरून पिस्टनच्या कडेशी रेघ जुळवावी आणि बुडबुडा दिसल्यास इन्सुलिन पुन्हा बाटलीत ढकलून नव्याने भरावे. घरात दोघे जण इंजेक्शन देत असतील तर दोघांनी एकमेकांसमोर सिरिंज भरून पाहावी. माझ्या मते अनेक घरांतला न उलगडणारा चढउतार याच ठिकाणी उलगडतो.

इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे. ते गोठले किंवा उन्हात तापले तर टाकून द्यावे. ग्लार्जिन पाण्यासारखे स्वच्छ असते. ते गढूळ दिसले तर वापरू नये, त्यात दुसरे काही मिसळू नये आणि ते हलवूही नये. प्रोझिंकची बाटली हातांत हळुवार फिरवायची असते, तर कॅनिन्सुलिन एकसारखे दुधाळ होईपर्यंत हलवायचे असते, म्हणून एका इन्सुलिनचा नियम दुसऱ्याला लावू नये. टोचण्याची जागा रोज थोडी बदलावी. सुई केसांतून आरपार गेली आणि इन्सुलिन अंगावर सांडले अशी शंका आली तर पुन्हा टोचू नये: कमी डोसाचे बारा तास निभावतात, दुप्पट डोसाचे निभावतीलच असे नाही. एखादा डोस चुकला तर पुढचा नेहमीएवढाच द्यावा.

दिवसभराचा आलेख कसा वाचावा

एका आकड्यातून जे कळत नाही ते आलेखातून कळते. सकाळच्या इंजेक्शनच्या आधी एकदा आणि मग दर दोन तासांनी, संध्याकाळच्या इंजेक्शनपर्यंत रक्त तपासायचे आणि आकडे वेळेसह लिहायचे. त्यांत तीन गोष्टी पाहाव्यात: साखर किती उतरली, सर्वांत खाली कधी पोचली आणि किती वेळ खाली राहिली. सर्वांत खालचा आकडा ८० ते १५० च्या दरम्यान यावा अशी सर्वसाधारण अपेक्षा असते.

समजा, सकाळी ७ वाजता ३४०, ९ वाजता २६०, ११ वाजता १७०, दुपारी १ वाजता १००, ३ वाजता १६०, ५ वाजता २५० आणि संध्याकाळी ७ वाजता ३३० असे आकडे आले. ज्याने फक्त सकाळ-संध्याकाळचे आकडे पाहिले त्याला ३४० आणि ३३० दिसतील आणि डोस कमी पडतो असे ठामपणे वाटेल. प्रत्यक्षात डोस पुरेसा आहे. दुपारी एकला साखर १०० पर्यंत आलीच आहे. कमी पडतो आहे तो इन्सुलिनचा टिकाव. अशा मांजराचा डोस वाढवला तर सकाळचा ३४० फारसा हलणार नाही, मात्र दुपारचा १०० हा आकडा थेट ५० पर्यंत उतरू शकतो, आणि तोही घरात कोणी नसताना. इथे प्रश्न अधिक काळ टिकणाऱ्या इन्सुलिनचा किंवा आहाराचा असतो, आणि पशुवैद्यांशी त्याच अंगाने बोलावे. उलट, दिवसभर आकडे ३०० आणि ३४० च्या मध्येच घुटमळत राहिले, तर इन्सुलिन खराब झाले आहे, टोचण्यात चूक होते आहे, डोस अपुरा आहे किंवा शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, यांपैकी काहीतरी असते, आणि ते याच क्रमाने तपासणे शहाणपणाचे.

साखर फार उतरली की शरीर साठवलेली साखर रक्तात सोडते आणि त्यानंतर काही काळ आकडे चढे राहू शकतात. प्रत्येक चढ्या आकड्यामागे हेच कारण असते असे नाही, पण आकडा अचानक चढला तर त्याआधीच्या तासांत काय झाले हे माहीत नसताना डोस वाढवू नये, याला हे एक कारण पुरेसे आहे. ग्लार्जिनसारख्या इन्सुलिनचा परिणाम पूर्ण दिसायला काही दिवस लागतात. डोस बदलल्यावर साधारण पाच ते सात दिवस तो तसाच ठेवून मगच त्याचे मूल्यमापन करतात. या काळात साखर धोकादायक उतरली तर अर्थात थांबायचे नाही, डोस लगेच कमी करण्यासाठी फोन करायचा.

आकड्यांच्या वहीत खाणे किती झाले, पाणी किती प्यायले, उलटी झाली का, हेही लिहावे आणि दर आठवड्याला वजन नोंदवावे. वजन स्थिरावले, तहान घटली, अंगाची चमक परतली आणि मांजर पुन्हा उड्या मारू लागले, तर थोड्याफार हलत्या आकड्यांनी घाबरण्याचे कारण नाही. मागच्या पायांवर सपाट, टाचा टेकवून चालणे हे दीर्घकाळ चढ्या साखरेने नसांना झालेल्या इजेचे लक्षण असते. नियंत्रण सुधारले की तेही बरेचदा हळूहळू सुधारते. आकड्यांवरच शंका असेल तर फ्रुक्टोसामिन ही रक्ततपासणी मागील दोनेक आठवड्यांची सरासरी सांगते आणि दवाखान्यातल्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

चढउताराची नेहमीची कारणे

आहार हे सर्वांत मोठे कारण. मांजर मांसाहारी प्राणी आहे. कोरड्या दाण्यांच्या खाद्यात पिष्टमय पदार्थ बहुधा बरेच असतात आणि डब्यातल्या ओल्या खाद्यात सहसा कमी. एकूण ऊर्जेपैकी १२ टक्क्यांहून कमी ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून मिळावी, अशी मधुमेही मांजरांसाठी शिफारस असते. पण हा बदल इन्सुलिन चालू असताना एका रात्रीत करणे धोक्याचे आहे: खाद्य बदलताच साखर काही दिवसांत झपाट्याने घटू शकते आणि कालपर्यंत योग्य असलेला डोस आज जास्त होतो. खाद्य हळूहळू बदलावे, त्या दिवसांत तपासण्या वाढवाव्यात आणि पशुवैद्यांना आधी कळवावे. घरात दुसरे मांजर असेल तर त्याच्या वाटीतले दाणे, आणि दुसऱ्या आजारासाठी दिलेली गोड सिरपे, यांच्याकडेही लक्ष द्यावे.

स्टेरॉइड औषधे साखर सर्वांत हट्टाने चढवतात. खाज किंवा दम्यासाठी दिलेल्या लांब मुदतीच्या इंजेक्शनचा परिणाम कित्येक आठवडे राहतो. कोणत्याही कारणाने दवाखान्यात गेल्यावर, मांजर मधुमेही आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

त्यानंतर येतात लपलेले आजार. किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या, लघवीतला जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाची सूज, थायरॉइडचा अतिरेक, यांपैकी काहीही असले तरी इन्सुलिनचा प्रभाव बोथट होतो. स्वादुपिंडाची सूज येत-जात राहते, त्यामुळे तिच्याबरोबर साखरही आठवडाभर बरी आणि आठवडाभर बिघडलेली अशी हेलकावते. डोस वजनाच्या दर किलोला दीड युनिटच्या पुढे गेला तरी साखर हलत नसेल, मांजर मधुमेही असूनही वजनाने वाढत असेल किंवा त्याचा जबडा आणि पंजे रुंद दिसू लागले असतील, तर वाढीच्या संप्रेरकाचा अतिरेक आहे का हे पाहण्यासाठी आयजीएफ-१ ही रक्ततपासणी करून घ्यावी. हा आजार मधुमेही मांजरांत पूर्वी समजत होते तितका दुर्मीळ नाही.

साखर उतरते तेव्हा

प्राण्यांच्या मीटरवर ७० च्या खालचा आणि माणसांच्या मीटरवर ६० च्या खालचा आकडा धोक्याचा मानावा. लक्षणे अशी: अचानक अशक्तपणा, झिंगल्यासारखी चाल, अनावर भूक किंवा विचित्र ओरडणे, विस्फारलेली बुबुळे, थरथर, आणि पुढे झटके व बेशुद्धी. काही मांजरांत सुरुवातीला यांतले काहीच दिसत नाही, म्हणून आकडा कमी आणि मांजर शांत असले तरी निर्धास्त राहू नये.

मांजर शुद्धीवर असेल आणि खात असेल तर लगेच खायला द्यावे, या वेळी पिष्टमय खाद्य मुद्दाम द्यावे, आणि १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा तपासावे. ते खात नसेल किंवा डळमळत असेल तर मध किंवा ग्लुकोजचे घट्ट द्रावण बोटाने हिरड्यांवर चोळावे. झटके येत असतील तर दातांमध्ये बोट घालू नये आणि तोंडात द्रव ओतू नये. ओठाच्या आतल्या बाजूला थोडे चोळून तसेच दवाखान्यात निघावे आणि वाटेतून फोन करावा. मधाने आकडा वर आला तरी टोचलेले इन्सुलिन अजून काम करतच असते, त्यामुळे पुढचे कित्येक तास साखर पुन्हा उतरू शकते. पुढचा डोस पशुवैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नये.

इंजेक्शनच्या वेळी आकडा अनपेक्षितपणे कमी आला तर काय करायचे, हे आधीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. कोणत्या आकड्याखाली इंजेक्शन द्यायचे नाही, ही मर्यादा पशुवैद्य प्रत्येक मांजरासाठी वेगळी ठरवतात. नवख्या पालकांसाठी ती साधारण १५० ते २०० ठेवणे सुरक्षित असते. आकडा मर्यादेखाली पण धोक्याच्या पातळीच्या वर असेल तर खायला न देता अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे, म्हणजे साखर स्वतःहून चढते आहे की अजून उतरते आहे हे कळते. आधी खायला दिले तर चढलेला आकडा अन्नाचा की मांजराचा, ते समजत नाही.

मांजर खात नसेल तर

न खाणाऱ्या मांजराला पूर्ण डोस देऊ नये आणि स्वतःच्या मनाने इन्सुलिन पूर्ण बंदही करू नये. डोस किती द्यायचा हे त्याच वेळी फोन करून विचारावे. इन्सुलिनच्या अभावी शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून तयार होणारे कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ रक्तात साचतात. लघवीतले कीटोन पाहण्याच्या पट्ट्या घरात असाव्यात. कीटोन आढळले आणि त्याबरोबर उलट्या, मलूलपणा, जोराचा श्वास किंवा तोंडाला नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास असेल, तर ही तातडीची अवस्था आहे आणि सकाळपर्यंत थांबू नये. गोळी किंवा तोंडावाटे द्यायच्या द्रवाच्या रूपात आलेली बेक्साग्लिफ्लोझिन आणि व्हेलाग्लिफ्लोझिन ही नवी औषधे इन्सुलिन घेतलेल्या मांजरांसाठी नाहीत. त्यांच्यामुळे साखर चढलेली नसतानाही कीटोन साचू शकतात, म्हणून इंजेक्शनचा कंटाळा आला म्हणून त्यांच्याकडे वळण्याचा आग्रह धरू नये.

चांगल्या कारणाने उतरणारी साखर

निदानानंतर लवकर उपचार सुरू झाले, आहारातले पिष्टमय पदार्थ घटले आणि लठ्ठपणा हळूहळू, म्हणजे आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का या गतीने, कमी झाला, तर काही मांजरांचे स्वादुपिंड इतके सावरते की त्यांना इन्सुलिनची गरज उरत नाही. हे बहुधा पहिल्या काही महिन्यांत घडते आणि त्याची चाहूल लागते ती कमी आकड्यांतूनच: दुपारचा आकडा आठवड्यागणिक घसरतो, सकाळचाही मर्यादेखाली येऊ लागतो. या वेळी डोस अर्ध्या युनिटने किंवा त्याहून कमी मापाने उतरवत नेतात, आणि त्या प्रत्येक पायरीनंतर काही दिवस थांबून पाहतात. याच काळात साखर धोकादायक उतरण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, म्हणून सगळे सुरळीत चालले आहे असे वाटून तपासण्या कमी करू नयेत. इन्सुलिन पूर्ण थांबल्यावरही तोच आहार चालू ठेवावा, स्टेरॉइड शक्यतो टाळावीत आणि आठवड्यातून एकदा कानातून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहावी. आकडे पुन्हा चढू लागले तर उपचार लगेच सुरू करता येतात.